आडवे वृषण-विस्थापन

दोन्ही वृषणे एकाच बाजूच्या जांघेत किंवा अंडकोशाच्या एकाच कप्प्यात असणे आणि दुसरी बाजू रिकामी राहणे, अशी ही दुर्मीळ जन्मजात विकृती. वैद्यकात तिला ट्रान्सव्हर्स टेस्टिक्युलर एक्टोपिया म्हणतात. पहिली नोंद १८८६ साली लेनहोसेक यांनी केली.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले आईवडील दवाखान्यात येतात ते जांघेतल्या फुगवट्यासाठी : ‘रडला की हितं फुगतंय.’ रिकाम्या पिशवीकडे लक्ष गेलेच तर ‘एक गोटी वर चढलीया, उतरंल’ म्हणून सोडून दिले जाते. निदान हुकते ते इथेच. एका बाजूचा हर्निया आणि दुसऱ्या बाजूचे न उतरलेले वृषण असे दोन सुटे आजार केसपेपरवर लिहिले जातात. खरे तर ही जोडी दिसताच या विकृतीची शंका घ्यायला हवी. तसे होत नाही, म्हणून बहुतेक वेळा ती हर्नियाची पिशवी उघडल्यावरच कळते.

तपासणीसाठी खोली उबदार आणि हात गरम हवेत; गार बोट लागले की वृषण वर ओढले जाते. बाळाला उताणे ठेवून पाय बेडकासारखे फाकवावेत, मोठ्या मुलाला मांडी घालून किंवा उकिडवे बसवावे. बोटांना साबणाचे पाणी लावून कमरेच्या हाडाच्या टोकापासून जांघेतून खाली, अंडकोशाकडे, हलके निपटत यावे. एक वृषण हाताला लागले की तपासणी संपत नाही. त्याच बाजूला वरच्या अंगाला दुसरी, तशीच गुळगुळीत गोळी सरकते का ते पाहावे. रिकामा कप्पा सपाट, सुरकुत्या नसलेला असेल, तर तिथे वृषण कधी उतरलेच नाही असे समजावे. दोन्ही बाजूंना काहीच लागत नसेल तर वाट वेगळी : नवजात बाळात आधी रक्तातले क्षार आणि १७-ओएचपी हे संप्रेरक तपासावे, कारण ती अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीच्या आजाराची मुलगी असू शकते आणि तिच्या जिवाला धोका असतो.

तायी कार्डावरच्या (कर्नाटकातले सरकारी माता-बाल आरोग्य कार्ड) लसीच्या तारखा इथे कामी येतात. चौदाव्या आठवड्याच्या लसीला पुन्हा हात लावून पाहावे. सहा महिन्यांनंतर वृषण आपोआप उतरण्याची आशा फारशी नसते. तेव्हा बालशल्यचिकित्सकाकडे पाठवावे. शस्त्रक्रिया साधारण सहा ते अठरा महिन्यांत व्हावी.

सोनोग्राफी उथळ भागाच्या लिनियर प्रोबने करावी. एकाच जांघेत दोन लंबगोल, आणि प्रत्येकात मधोमध पांढरी रेघ, हे चित्र बोलके असते. लसिकाग्रंथीला वृषण समजण्याची चूक होते. ग्रंथीत रक्तवाहिनी मधल्या खाचेतून शिरते, रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरने ते कळते. ‘डावे वृषण दिसले नाही’ या शेऱ्याचा अर्थ ‘डावे वृषण नाही’ असा नव्हे. चिठ्ठीतच ‘उजव्या जांघेत दुसरे वृषण आहे का पाहावे’ असे लिहिले तर तपासणारा ते शोधतो. तीन वृषणांच्या विकृतीत मात्र विरुद्ध बाजू रिकामी नसते.

काही मुलांत हर्नियाच्या याच पिशवीत छोटे गर्भाशय आणि गर्भनलिकाही सापडतात. मूल गुणसूत्रांनी (४६,एक्सवाय) मुलगाच असतो. गर्भावस्थेत या नळ्या जिरवणारे एएमएच (अँटी-म्युलेरियन हॉर्मोन) संप्रेरक तरी नसते, नाहीतर पेशीवरचा त्याचा ग्राहक (रिसेप्टर) बिघडलेला असतो. रक्तातले एएमएच फार कमी असेल तर पहिला दोष, पुरेसे असेल तर दुसरा. दोन्ही दोष अप्रभावी जनुकांनी, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच, उतरतात. मामाच्या मुलीशी, काही घरांत सख्ख्या भाचीशीही लग्न होणाऱ्या या मुलखात नात्याची चौकशी म्हणूनच टाळू नये; भावांनाही तपासावे.

शंका उरली तर बेंबीतून दुर्बीण घालतात. रिकाम्या बाजूची शुक्रवाहिनी आणि रक्तवाहिन्या मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या छिद्रात शिरताना दिसतात. गर्भाशय सापडले म्हणून घाईने काढू नये; शुक्रवाहिनी त्याच्या भिंतीला चिकटून जाते आणि कापली जाण्याची भीती असते. वाहिन्यांची लांबी पुरली तर दुसरे वृषण अंडकोशाच्या मधल्या पडद्यातून पलीकडे नेऊन बसवतात.

कोणते वृषण कुठे बसवले हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्यावे. पुढे वयात आल्यावर गाठ लागली आणि मुलगा मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवायला गेला, तर तिथल्या डॉक्टरला तेवढा एकच कागद मिळतो.