सोनं पाण्यात का तोलतात?

इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याच्या कीसाचा वास दरवळतो, पण दागिन्यांचा व्यवहार दिवसाउजेडी. आजीची एक पाटली मोडायला मी तिथं नेली होती. कसोटीवर रेघ चोख उमटली. तरीही सराफानं पाटली दोऱ्यानं तराजूला टांगून पाण्यात सोडली. बाहेर दोन तोळे, म्हणजे 23.3 ग्रॅम, पाण्यात वजन तीन ग्रॅमनं उतरलं. बावीस कॅरेटची भरीव पाटली जेमतेम 1.3 ग्रॅमनं उतरली असती. "आत लाख भरलीय, काकू," सराफ म्हणाला.

उतरलेलं वजन म्हणजे पाटलीनं बाजूला सारलेलं पाणी. तीन ग्रॅम पाणी म्हणजे तीन घन सेंटिमीटर जागा. 23.3 ला तीननं भागलं की घनता येते 7.8 च्या आतबाहेर. शुद्ध सोन्याची 19.3, चांदीची सुद्धा 10.5. कसोटीला दिसते ती फक्त कातडी.

या युक्तीचं श्रेय आर्किमिडीजला जातं, पण मुकुट आणि सांडलेल्या पाण्याची कथा लिहून ठेवली ती रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनं, दोनेकशे वर्षांनी. गॅलिलिओला ती पटली नव्हती. सांडलेलं पाणी मोजणं फार ढोबळ, असं म्हणत बाविसाव्या वर्षी, 1586 मध्ये, त्यानं पाण्यात तोलायच्या छोट्या तराजूवर टिपण लिहिलं. मला त्याचंच म्हणणं पटतं. पाणी भांड्याच्या काठाला धरून राहतं, हे रोज दूध ओतणाऱ्याला ठाऊक असतं.

त्याच्याही कितीतरी आधी, अकराव्या शतकात, अल्‌-बिरुनीनं खास नळीचं भांडं करून, नळीतून सांडलेलं पाणी तोलून, धातू आणि रत्नं मोजली होती. भारताचं वर्णन लिहिणारा तो हाच. पुढे 1121 मध्ये अल्‌-खाझिनीनं अशा तराजूंवर अख्खा ग्रंथ लिहिला.

पाण्याची घनता नेमकी एक कशी, हा प्रश्न शाळेत कुणी विचारत नाही. 1795 मध्ये फ्रान्समध्ये ग्रॅमची व्याख्याच एक घन सेंटिमीटर पाण्यावरून केली, म्हणून.

टंगस्टन मात्र पाण्यालाही चकवतं. त्याची घनता 19.25. आता दुकानात क्ष-किरणांचं यंत्र आलंय, पण तेही वरचाच पातळ थर वाचतं. म्हणून पाण्याचं भांडं अजून गल्ल्याशेजारीच आहे. पाटलीतून लाख निघाली दोन ग्रॅम.