टर्फ क्लब गोल्फ शिकवत नाही

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात गोल्फशी नाते सांगणारे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत आणि दोन्हींच्या विद्यार्थ्यांना लोक सर्रास एकाच माळेत ओवतात. हिरवळशास्त्र, म्हणजे मैदानावरचे गवत (टर्फ) जोपासण्याचे शास्त्र, शिकणाऱ्या मुलाला भेटताक्षणी ‘तुझा हँडिकॅप (गोल्फ खेळातल्या कौशल्याचा आकडा) किती?’ असे विचारणारे तर हमखास भेटतात.

यांतला ‘पीजीए गोल्फ मॅनेजमेंट’ (पीजीए ही व्यावसायिक गोल्फ प्रशिक्षकांची संघटना) हा अभ्यासक्रम आरोग्य व मानवविकास महाविद्यालयात चालतो. खेळ शिकवणे, स्पर्धा भरवणे, दुकान चालवणे आणि सभासद सांभाळणे हे त्याचे विषय गोल्फ पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असतात. त्यासाठी स्वतःला चांगले खेळताही यावे लागते. दुसरा, हिरवळशास्त्राचा अभ्यासक्रम कृषिविज्ञान महाविद्यालयात चालतो आणि टर्फ क्लब त्याच्या विद्यार्थ्यांचा आहे. (महालक्ष्मीच्या टर्फ क्लबशी, म्हणजे घोड्यांच्या शर्यतींशी, त्याचा काडीचाही संबंध नाही.)

खरी गल्लत ‘व्यवस्थापन’ कशाचे, या प्रश्नावर होते. एक बाजू माणसांचे व्यवस्थापन करते, तर दुसरी एका जिवंत पिकाचे. आणि ते पीक शेतकऱ्याला वेडेपणा वाटावा अशा रीतीने जोपासावे लागते. ग्रीनवरचे, म्हणजे गोल्फच्या छिद्राभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीवरचे, बेंटग्रास हे बारीक पानांचे गवत साधारण ३ मिलिमीटर उंचीवर कापले जाते. पान इतके आखूड राहिले की अन्न कमी तयार होते, मुळे उथळ राहतात आणि उन्हाळ्यातला एखादा कडक आठवडाही गवताला झेपत नाही. खेळाडूला मात्र ग्रीन वेगवान हवी असते. हा वेग मोजण्यासाठी एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये तयार केलेल्या उतरत्या पट्टीची सुधारित आवृत्ती आजही वापरतात. तिच्यावरून सोडलेला चेंडू किती फूट घरंगळतो ते पाहतात. वेग वाढवण्यासाठी नत्र कमी केले तर गवताची वाढ मंदावते, पण त्याच उपासमारीत डॉलर स्पॉट आणि अँथ्रॅक्नोज हे बुरशीजन्य रोग बळावतात. पाणी वाढवून गवत सावरावे, तर ग्रीन मऊ पडते आणि वेग जातो. कापणी, खत, पाणी आणि वरून पसरायची वाळू यांचा हा रोजचा हिशेब सुपरिंटेंडेंटचा, म्हणजे गोल्फ मैदानाची देखभाल पाहणाऱ्याचा असतो, खेळ शिकवणाऱ्या गोल्फ प्रोचा नव्हे. ग्रीन करपली की खेळाडू प्रोकडे जाऊन तक्रार करतात, ही माझ्या मते या गोंधळाची सर्वांत हास्यास्पद परिणती आहे.

म्हणूनच सुपरिंटेंडेंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या परिषदेत होणाऱ्या ‘टर्फ बोल’ या स्पर्धेत विद्यार्थ्यांचे चमू चेंडू मारत नाहीत. ते गवते, तणे, किडी आणि रोग ओळखतात, मातीविषयीचे प्रश्न सोडवतात आणि गणिते मांडतात. याच विद्यापीठात एच. बर्टन मसर यांनी विकसित केलेले ‘पेनक्रॉस’ बेंटग्रास १९५० च्या दशकात बाजारात आले आणि पुढे असंख्य ग्रीनवर पसरले. मसर यांच्या पटिंगविषयी (ग्रीनवर चेंडू छिद्रात घालवण्याच्या कौशल्याविषयी) मात्र कोणी चौकशी करत नाही.

शिवाय टर्फचे सगळेच पदवीधर गोल्फकडे वळत नाहीत. बेसबॉल आणि फुटबॉलच्या मैदानांनाही त्यांची गरज असते, आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या बीव्हर स्टेडियममध्येही नैसर्गिक गवतच आहे. तेव्हा अशा क्लबच्या भित्तिपत्रकावर दांडा उगारलेला खेळाडू छापण्याची हौस आता आवरावी. त्याऐवजी ग्रीनमधून काढलेला, मुळे कुठवर उतरली आहेत ते दाखवणारा मातीचा नमुना छापावा.