यादी कुणाकडे होती? नॅपस्टरनंतरचा संगीत कंपन्यांचा लढा

सीडीवर एका सेकंदाच्या आवाजासाठी ४४,१०० मोजमापं नोंदलेली असतात, तीही डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगवेगळी, आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, म्हणजे ० किंवा १ अशा सोळा खुणांचं. गुणाकार केला की सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात. नव्वदच्या दशकातल्या सेकंदाला ५६ किलोबिट आणणाऱ्या, फोनच्या लाइनवर चालणाऱ्या मोडेमवरून चार मिनिटांचं गाणं आणायचं, तर लाइन एकदाही न तुटता पूर्ण वेगाने चालली तरी एक तास चाळीस मिनिटं लागली असती. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सीडी विकत घेणं सोपं होतं.

हे गणित बदललं जर्मनीत, एरलांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाची मर्यादा हाताशी धरली. एखादा स्वर जोरात वाजत असला, की त्याच्या जवळपासच्या कंपनसंख्येचे हळू आवाज आपल्याला ऐकूच येत नाहीत. मग जे ऐकू येणार नाही, ते इतक्या बारकाईने साठवायचं कशाला? गाणं साठवायची एमपी३ ही पद्धत या तत्त्वावर उभी आहे. सेकंदाला १ लाख २८ हजार बिटांत, म्हणजे सीडीच्या अकराव्या हिश्श्यात, बहुतेकांना चालेल असं गाणं बसू लागलं. तासभराहून लांबलेलं काम नऊ-दहा मिनिटांवर आलं.

१९९९च्या जूनमध्ये बोस्टनच्या शॉन फॅनिंग या कॉलेजातल्या मुलाने गाण्यांच्या देवाणघेवाणीसाठी नॅपस्टर सुरू केलं. कंपनीच्या सर्व्हरवर गाणी नव्हतीच. ती लोकांच्या संगणकांवर होती. सर्व्हरवर होती फक्त यादी: कोणतं गाणं या क्षणी कुणाकडे आहे. तुम्ही नाव टाकायचं, सर्व्हरने पत्ता सांगायचा, आणि फाइल थेट त्या माणसाकडून तुमच्याकडे यायची.

अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खटला भरला. न्यायालयात सगळा भर त्या यादीवर आला. यादी तुमच्याकडे आहे, म्हणजे काय चाललंय हे तुम्हाला कळतं आणि ते थांबवणंही तुमच्या हातात आहे. कंपन्यांनी कळवलेली गाणी रोखा, असा आदेश निघाला. नॅपस्टरने नावावरून गाळणी लावली, तर लोकांनी नावांची अक्षरं उलटसुलट करायला सुरुवात केली. मग आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखायचा मार्ग धरावा लागला. अशा ठशाचं तत्त्व फार सुंदर आहे. गाण्याचा वेळ आणि कंपनसंख्या यांचा आलेख काढायचा, त्यातली सर्वांत ठळक शिखरं निवडायची आणि शिखरांच्या जोड्यांमधलं अंतर टिपायचं. बाकीचा आवाज कितीही खराब झाला तरी ही अंतरं सहसा टिकतात. शझाम हे अ‍ॅप याच युक्तीवर हॉटेलातल्या गोंगाटातही गाणं ओळखतं. नॅपस्टरने वेगळ्या कंपनीचं तंत्र वापरलं आणि आपली गाळणी ९९.४ टक्के यशस्वी असल्याचं न्यायालयाला सांगितलं. न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांना तेवढंही पुरेसं वाटलं नाही. जुलै २००१मध्ये नॅपस्टरवरची देवाणघेवाण थांबली.

संगीत कंपन्यांनी इथे सगळ्यात मोठी संधी घालवली, असं मला वाटतं. गाणी ऐकणारे कोट्यवधी लोक एका ठिकाणी जमले होते आणि त्यांना काय हवंय याची नोंद एकाच सर्व्हरवर होती. तो बंद झाल्यावर लोक घरी बसले नाहीत. जिथे यादीच नव्हती तिथे ते गेले.

न्युटेला हे तसं जाळं मार्च २०००मध्येच आलं होतं. तिथे प्रत्येक संगणक आपला प्रश्न शेजाऱ्यांना विचारतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना, असं सात पायऱ्यांपर्यंत. प्रत्येकाला चार शेजारी धरले, तर एका शोधासाठी ४,३७२ संगणकांना त्रास. खटला कुणावर भरणार हा प्रश्न होताच, पण वापरणारे वाढले की नुसत्या प्रश्नांनीच जाळं तुंबायचं. २००१मध्ये आलेल्या कझा या जाळ्याने मधला मार्ग काढला: ज्यांचा संगणक आणि लाइन बरी, त्यांच्यावर आपोआप आसपासच्या संगणकांची यादी सांभाळायचं काम पडायचं. कंपनी नेदरलँड्समध्ये, प्रोग्रॅम लिहिणारे एस्टोनियात, यादी हजारो घरांत विखुरलेली. हीच मंडळी पुढे स्काइप घेऊन आली.

मग कंपन्यांनी न्यायालयाखेरीज दुसरी वाट धरली: जाळ्यात खोटी गाणी सोडायची. हे काम ओव्हरपीअरसारख्या कंपन्या पैसे घेऊन करत. कझाच्या रचनेतली एक फट अशा भेसळीला फार सोयीची होती. एकच गाणं अनेकांकडून तुकड्यातुकड्याने आणायचं, तर सगळ्यांकडची फाइल तंतोतंत तीच आहे याची खात्री हवी. त्यासाठी फाइलचा हॅश काढतात. एक बिट बदलला तरी पूर्ण वेगळा येईल, असा तो छोटा आकडा. पण त्या काळच्या संगणकांवर शेकडो फाइल पूर्ण वाचून हॅश काढायला वेळ लागे. म्हणून कझाने शितावरून भाताची परीक्षा केली. फाइलचे पहिले ३०० किलोबाइट, मग १, २, ४, ८ मेगाबाइट अशा दुप्पट होत जाणाऱ्या टप्प्यांवरचे ३००-३०० आणि शेवटचे ३००. पाच मेगाबाइटच्या गाण्यात हे तपासलेले तुकडे मिळून दीड मेगाबाइटच्या आसपास भरतात. उरलेल्या दोन-तृतीयांशाहून जास्त भागात काहीही भरा, हॅश बदलत नाही! खरं आणि भेसळीचं गाणं कझाला सारखंच दिसे. कुणाकडून दहा चांगले तुकडे आले आणि एक भेसळवाल्याकडून, तरी गाण्याच्या मध्येच करकर ऐकू यायची. वर हे बिघडलेलं गाणं त्या माणसाच्या संगणकावरून पुढे वाटलंही जायचं.

ब्रॅम कोहेन या प्रोग्रॅमरच्या बिटटोरंट या देवाणघेवाणीच्या पद्धतीने ही फट बुजवली. त्यात फाइलचे छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र हॅश आधीच टोरंट फाइल नावाच्या छोट्या माहितीपत्रकात लिहिलेला असतो. आलेला तुकडा जुळला नाही, की फेकून द्यायचा आणि दुसऱ्याकडून मागायचा. पाठवणारा ओळखीचा असण्याची गरजच उरत नाही. आता भेसळ करणारा तुमचा वेळ खाऊ शकतो, गाणं बिघडवू शकत नाही. २००५पासून तर यादीसुद्धा फाडून सगळ्यांत वाटली गेली. प्रत्येक संगणकाला एक आकडा आणि प्रत्येक फाइललाही एक आकडा. ज्याचा आकडा फाइलच्या आकड्याला सर्वांत जवळचा, त्याने त्या फाइलची नोंद ठेवायची. दर पावलाला अंतर निदान निम्म्याने घटतं, त्यामुळे दहा लाख संगणकांतही साधारण वीस पावलांत नोंद सापडते. न्युटेलाच्या पुराशी याची तुलना करून पाहा.

सप्टेंबर २००३पासून आरआयएएने थेट ऐकणाऱ्यांवर खटले भरले. पहिल्या दिवशी २६१. त्यात न्यूयॉर्कची बारा वर्षांची एक मुलगीही होती. तिच्या आईला २,००० डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. वादक, गीतकार, स्टुडिओतले तंत्रज्ञ यांचं नुकसान खरं होतं, हे मी अजिबात नाकारत नाही. पण पुढची पाच वर्षं घराघरांत नोटिसा धाडून त्यांच्या पदरात काय पडलं? २००५मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीने तर गाण्यांची नक्कल रोखायला सीडीतून गिऱ्हाइकांच्या संगणकात असा प्रोग्रॅम घातला, की जो ‘$’ने सुरू होणाऱ्या एका ठरावीक खुणेच्या नावाची प्रत्येक फाइल लपवून टाकी. लवकरच विषाणू लिहिणाऱ्यांनीही त्याच आडोशाचा फायदा घेतला. ज्यांनी रीतसर पैसे देऊन सीडी घेतली होती, त्यांचेच संगणक धोक्यात आले.

२००८मध्ये स्वीडनमध्ये इंटरनेटवरून गाणी ऐकवणारं स्पॉटिफाय सुरू झालं, संगीत कंपन्यांशी करार करून. आत मात्र लोकांच्या संगणकांचं तेच जाळं होतं, आणि म्युटोरंट हा लोकप्रिय टोरंट प्रोग्रॅम लिहिणारे लुडविग स्ट्रिगेउस तिथे काम करत होते. गाण्याची सुरुवात सर्व्हरवरून यायची, म्हणजे ते लगेच वाजू लागे. पुढचा भाग इतर श्रोत्यांच्या संगणकांवरून गोळा व्हायचा. स्पॉटिफायच्याच अभियंत्यांनी २०१०मध्ये मांडलेल्या मोजणीनुसार, वाजलेल्या संगीतातलं फक्त ८.८ टक्के कंपनीच्या सर्व्हरवरून आलं होतं. ३५.८ टक्के इतर श्रोत्यांकडून, आणि उरलेलं ५५.४ टक्के ऐकणाऱ्याच्याच संगणकात आधीच साठलेलं होतं. २०१४मध्ये स्वतःचे सर्व्हर पुरेसे झाल्यावर कंपनीने ही देवाणघेवाण बंद केली.