हौशी बँड: दिवसा कामावर, संध्याकाळी तालमीला

हौशी कॉन्सर्ट बँडमधल्या क्लॅरिनेटवादकाच्या स्टँडवरचा कागद जवळून पाहिला, तर त्याच्या नेहमीच्या ओळींत मधूनच बारीक टाइपातले सूर छापलेले दिसतात. वर ‘ओबो’ (एक लाकडी फुंकवाद्य) एवढाच शब्द. ओबोवाला आला नसेल, किंवा बँडात ओबो वाजवणारं कुणी नसेलच, तर तेवढा तुकडा क्लॅरिनेटने उचलायचा. याला ‘क्यू’ म्हणतात. पगारी वाद्यवृंदात गैरहजर माणसाच्या जागी पैसे देऊन दुसरा आणता येतो. इथे कुणाची रात्रपाळी असते, कुणाच्या घरी आजारपण असतं, आणि तरीही कार्यक्रम व्हायचा असतो. संगीत छापणाऱ्यांनी ही अडचण आधीच धरून ठेवली आहे. या बँडचा दोनशे वर्षांचा इतिहास मला त्या बारीक सुरांत दिसतो. असतील तेवढ्या माणसांत भागवायचं, पण वाजवायचं.

कॉन्सर्ट बँड म्हणजे मुख्यतः फुंकवाद्यं आणि तालवाद्यं. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन एका बाजूला, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबा दुसऱ्या बाजूला, मागे ढोल-झांजा. व्हायोलिनचा ताफा नाही, कारण या बँडचा जन्म उघड्यावरचा. मैदानात व्हायोलिनचा आवाज विरून जातो. अठराव्या शतकात युरोपातल्या पलटणींबरोबर ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बॅसून (खालच्या सुरांचं लाकडी फुंकवाद्य) यांच्या जोड्या असत. मोठा ढोल, झांजा आणि ट्रायंगल (वाजवायची त्रिकोणी सळई) ही भर पडली ती ऑटोमन तुर्कांच्या जॅनिसरी फौजेच्या वाद्यवृंदावरून.

पलटणीचा बँड नागरिकांसमोर आला तो क्रांतीच्या काळातल्या पॅरिसमध्ये. १७८९ साली बर्नार सारेत याने नॅशनल गार्डसाठी ४५ वादक जमवले. क्रांतीचे उत्सव मोकळ्या मैदानांत भरत, हजारो माणसं येत, आणि तिथे ऐकू जाईल असं संगीत हवं होतं. गोसेकसारख्या नामांकित रचनाकारांनी ते लिहून दिलं. वादक तयार करायला शाळा निघाली आणि तिच्यातूनच १७९५ मध्ये पॅरिसचं कॉन्झर्वेटरी उभं राहिलं. युरोपातल्या एवढ्या मोठ्या संगीतसंस्थेच्या मुळाशी बँड आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

तरी गिरणीतला किंवा खाणीतला माणूस यात यायला अजून अवकाश होता. अडचण वाद्यांची होती. बिगूल ही साधी नळी. ओठांचा ताण कमी-जास्त करून तिच्यातून ठरावीक सूर निघतात, मधल्या जागा रिकाम्या राहतात. हॉर्नवादक भोंग्यात हात घालून त्या जागा भरत, पण ते कसब यायला वर्षं लागत. १८१० साली डब्लिनच्या जोसेफ हॅलिडेने बिगुलाला चाव्या बसवल्या. खरा बदल घडला तो बर्लिनमध्ये. हाइनरिख श्टोल्त्सेलने व्हॉल्व्ह काढला आणि १८१८ मध्ये ब्लूमेलबरोबर त्याचं पेटंट घेतलं.

व्हॉल्व्हचं काम सोपं आहे. बोटाने दाबला की हवा जादा नळीतून वळसा घेते आणि सूर खाली उतरतो. पहिला व्हॉल्व्ह दोन अर्धस्वर उतरवतो, दुसरा एक, तिसरा तीन. तीन बोटांच्या वेगवेगळ्या जुळण्यांनी सगळ्या मधल्या जागा भरतात. आधी वर्षानुवर्षांच्या साधनेने येणारी गोष्ट आता एका हिवाळ्यात, दिवसभर यंत्रावर राबलेल्या बोटांनाही जमू लागली. १८४० च्या दशकात अडॉल्फ साक्सने याच तत्त्वावर सॅक्सहॉर्नचं अख्खं कुटुंब केलं, छोट्यापासून अवाढव्य आकारापर्यंत. ब्रिटनमधल्या ब्रास बँडांनी पुढे आणखी एक शहाणपणा केला. जवळपास सगळ्या वाद्यांचे सूर एकाच क्लेफमध्ये (कागदावर सुरांची जागा ठरवणाऱ्या खुणेत) लिहायचे, म्हणजे बोटं तीच राहतात. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवणारा गाव सोडून गेला, बासवाला म्हातारा झाला, तर कुणीही दुसऱ्याच्या खुर्चीवर जाऊन बसावं. वाचन तेच, बोटं तीच, फक्त ओठांनी नव्या माउथपीसची सवय करून घ्यायची. माझ्या मते हौशी बँड टिकायला याइतकी मदत दुसऱ्या कशाचीच झाली नाही.

पैसा गिरणीमालकांकडून आला. यॉर्कशरमधल्या क्वीन्सबरीच्या बँडला १८५५ मध्ये जॉन फॉस्टर यांच्या कंपनीने वाद्यं आणि गणवेश दिले, वादकांना गिरणीत काम दिलं. तो ब्लॅक डाइक मिल्स बँड आजही वाजतो आहे. मालकांचा हिशेब होताच. संध्याकाळी तालमीला जाणारा कामगार दारूच्या गुत्त्यात जात नाही, असं त्यांना वाटे. पण बँड मालकांच्या हिशेबापुरता राहिला नाही. ५ सप्टेंबर १८५३ ला मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत स्पर्धा भरली, तेव्हा आठ बँड उतरले आणि ऐकायला सुमारे सोळा हजार माणसं आली. जिंकला तो मॉस्लीचा दारूबंदीवाल्यांचा सॅक्सहॉर्न बँड. ज्यांना ऑपेराचं तिकीट कधी परवडलं नसतं, त्यांनी ऑपेरातल्या सुरावटी आपल्याच शेजाऱ्यांकडून, बागेत उभं राहून ऐकल्या. मोठं संगीत सामान्य घरांत पोचलं ते या वाटेने, आणि त्याचं श्रेय या माणसांना पुरेसं मिळालेलं नाही.

फ्रान्समध्ये लाकडी फुंकवाद्यांसह वाजणाऱ्या संघाला ‘आर्मोनी’ आणि नुसत्या पितळी संघाला ‘फाँफार’ म्हणत. स्पेनच्या वालेन्सियामध्ये बँड म्हणजे गावची संगीतसंस्थाच, तिची स्वतःची शाळाही असते. तिथली मोठी स्पर्धा १८८६ पासून चालत आली आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला ॲलनटाउन बँड १८२८ पासूनचा. गावोगाव बँड पसरले ते मात्र यादवी युद्धानंतर. लढाईत बँड पलटणीच्या पुढे चाले, म्हणून काही सॅक्सहॉर्नांचा भोंगा वादकाच्या खांद्यावरून मागे वळवलेला असे, मागून येणाऱ्या सैनिकांना ऐकू जावं म्हणून. खर्च झेपेना तेव्हा जुलै १८६२ मध्ये काँग्रेसने स्वयंसेवक रेजिमेंटांचे बँड बंद केले. वादक घरी परतले, आणि वाजवण्याची सवयही त्यांच्याबरोबर परतली. पुढे १८९२ मध्ये जॉन फिलिप सूझाने स्वतःचा पगारी बँड काढून दौरे सुरू केले, तेव्हा आपल्या गावातही असं काही हवं ही ओढ वाढली. दर वर्षी वर्गणी गोळा करणं मात्र बँडमास्तरच्या नशिबी होतंच. आयोवा राज्याने १९२१ मध्ये त्यावर कायदाच केला. लोकांनी मतदानाने कौल दिला, तर नगरपालिकेला बँडसाठी कर बसवता येऊ लागला. रस्ता, पाणी यांच्या रांगेत बँड!

एक उणीव राहिली होती. वाजवायचं काय? मार्च, नृत्यसंगीत आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या कृतींची रूपांतरं, एवढ्यावरच बँड जगत होता. स्वतः ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलेल्या गुस्ताव होल्स्ट यांनी १९०९ मध्ये ई फ्लॅटमधली पहिली ‘सूट’ (अनेक छोट्या भागांची रचना) खास बँडसाठी लिहिली. तिच्यातली कितीतरी वाद्यं ऐच्छिक ठेवली आहेत, नसली तरी रचना उभी राहते. बँडची खरी परिस्थिती ठाऊक असलेल्या माणसाचंच हे काम. १९२३ मध्ये राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी लोकगीतांवरची सूट लिहिली, आणि बँडचं स्वतःचं वाङ्मय वाढू लागलं.

सूझाने १९०६ मध्येच लिहून ठेवलं होतं की फोनोग्राफमुळे घरोघरचे हौशी वादक कमी होतील. त्याची भीती बऱ्याच अंशी खरी ठरली. रेडिओ, बोलपट आणि मोटारगाडी आली, आणि संध्याकाळी चौकात जमण्याचं कारणच उरलं नाही. अनेक गावांतले बँड मोडले. पण त्याच काळात बँड शाळेत शिरला. १९२३ मध्ये शिकागोला शालेय बँडांची राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिच्यामागे वाद्यं बनवणारे कारखानदार होते. त्यांचा हेतू धंद्याचा, हे उघड आहे. तरी त्यातून लाखो मुलांच्या हाती वाद्य आलं. गावबँडांत पूर्वी बहुतेक पुरुषच असत, शाळेच्या बँडात मुलीही बसू लागल्या.

शाळा संपली की बहुतेकांचं क्लॅरिनेट माळ्यावर जायचं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिलेले हौशी बँड मुख्यतः या माळ्यावरच्या वाद्यांचे आहेत. चाळिशीत वाद्याची पेटी खाली काढायची, वाळलेला कॉर्क बदलायचा, आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेच्याच रिकाम्या सभागृहात जाऊन बसायचं.

ज्यांना शाळेत वाद्य मिळालंच नाही, ते मात्र बाहेरच राहिले होते. त्यांच्यासाठी १९९१ मध्ये रॉय अर्न्स्ट यांनी रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतविद्यालयात निवृत्तांचा एक बँड काढला. आयुष्यात कधी सूर न वाचलेल्या माणसांनाही तिथे प्रवेश होता. पहिला धडा सगळ्यांना सारखाच: माउथपीस ओठाला कसं लावायचं आणि श्वास कुठून घ्यायचा.