पार्श्वभूमी : पलटणीतून प्रकल्प व्यवस्थापनाकडे

निवृत्त लष्करी अधिकाऱ्याला मुलाखतीत एक वाक्य हमखास ऐकवले जाते: प्रकल्प व्यवस्थापन तर लष्करातूनच आले, तुम्हाला त्यात काय अवघड! हे अर्धेच खरे आहे. शास्त्र लष्करात जन्मले, पण पलटणीत नाही. शस्त्रखरेदी आणि बांधकाम पाहणाऱ्या कचेऱ्यांत ते जन्मले. तिथल्या अधिकाऱ्यांना खासगी कंपन्यांकडून वेळेत काम करून घ्यायचे होते आणि त्या कंपन्यांवर हुकूम चालत नव्हता. गणवेश उतरवून या क्षेत्रात येणाऱ्याला कुठे सोपे जाते आणि कुठे जड, हे बरेचसे या इतिहासावरूनच कळते.

सुरुवात पहिल्या महायुद्धाची. हेन्री गँट हा यंत्र अभियंता १९१७ साली अमेरिकेच्या ऑर्डनन्स, म्हणजे लष्करी शस्त्रसामग्रीच्या, खात्यासाठी काम करत होता. किती तोफगोळे ठरले, किती झाले आणि किती मागे पडले, हे एका नजरेत दिसावे म्हणून त्याचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते तिथे वापरले गेले. आजही साइट ऑफिसच्या भिंतीवर तोच गँट चार्ट असतो.

दुसऱ्या महायुद्धात लेस्ली ग्रोव्ह्ज यांच्याकडे १९४२ मध्ये मॅनहॅटन प्रकल्प आला. ते आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचे अधिकारी होते आणि त्याआधी पेंटॅगॉनच्या बांधकामावर त्यांची देखरेख होती. शास्त्रज्ञ, विद्यापीठे आणि कारखाने एका वेळापत्रकात बांधणे हे त्यांचे काम. प्लुटोनियमचा हॅनफर्ड इथला कारखाना उभारला ड्यूपाँ कंपनीने. हीच ड्यूपाँ १९५७ मध्ये रेमिंग्टन रँडच्या मदतीने क्रिटिकल पाथ मेथड घेऊन पुढे आली. कारखाना देखभालीसाठी बंद ठेवावा लागे, तेव्हा कोणते काम लांबले तर सगळेच लांबते हे आधी कळावे, एवढाच तिचा उद्देश. थोडक्यात, ही देवाणघेवाण पहिल्यापासून दोन्ही बाजूंनी चालत आली आहे.

क्षेपणास्त्रांच्या काळात गोष्टी वेगाने घडल्या. १९५४ पासून हवाई दलाचे बर्नार्ड श्रीव्हर ॲटलास क्षेपणास्त्राचे काम पाहत होते. १९५५ मध्ये नौदलाने विल्यम रॅबोर्न यांच्याकडे स्पेशल प्रोजेक्ट्स ऑफिस दिले. पाणबुडीतून डागायचे पोलॅरिस क्षेपणास्त्र याच कार्यालयाचे. पाणबुडी, क्षेपणास्त्र, दिशादर्शन, अण्वस्त्र सगळेच नवे आणि कंत्राटदार हजारो. यातून १९५८ मध्ये पर्ट हे वेळापत्रक आखण्याचे तंत्र आले. रॅबोर्न यांचे कार्यालय, बूझ ॲलन हॅमिल्टन आणि लॉकहीड यांनी मिळून ते बसवले.

पर्टमधली कल्पना साधी आहे. प्रत्येक कामाला एक तारीख मागायची नाही, तीन मागायच्या: सगळे सुरळीत झाले तर, नेहमीसारखे झाले तर आणि सगळे बिघडले तर. रस्त्याखालच्या एका मोरीच्या काँक्रीटचे काम नशीब असेल तर ६ दिवसांत, एरवी ९ दिवसांत, पाऊस लागला तर १८ दिवसांत. पहिला आकडा, मधल्याची चौपट आणि शेवटचा यांची बेरीज करायची आणि सहाने भागायचे: ६ अधिक ३६ अधिक १८ म्हणजे ६०, भागिले ६, म्हणजे १० दिवस. टोकांमधला फरक १२, त्याला सहाने भागले की २. म्हणजे वेळापत्रकात १० दिवस लिहायचे आणि त्यात दोनेक दिवस इकडेतिकडे होणार हे धरून चालायचे. नेहमीचा ९ हा आकडा घेऊन बसणारा पहिल्याच पावसात मागे पडतो.

२० जुलै १९६० रोजी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ पाणबुडीने पाण्याखालून पोलॅरिस डागले, मूळ अंदाजापेक्षा काही वर्षे आधी. श्रेय पर्टला मिळाले. पुढच्या अभ्यासकांनी मात्र दाखवले की प्रत्यक्ष कामात पर्टचा वापर गाजावाजाइतका नव्हता. वरिष्ठांना आणि वॉशिंग्टनमधल्या हिशेबतपासनिसांना दूर ठेवायला तो तक्ता फार उपयोगी पडला. ज्याने एखाद्या मोठ्या कंपनीत दर सोमवारी रंगीत अहवाल पाठवला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

पुढचे टप्पे भराभर आले. १९६२ मध्ये पर्टला खर्चाची जोड मिळाली आणि कामाची फोड करून झाडासारखी मांडणी करण्याची पद्धत रुळली. १९६७ मध्ये संरक्षण खात्याने खर्च आणि वेळापत्रकावरच्या नियंत्रणाचे निकष कंत्राटदारांना लावले. आजची अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची किंमत खर्चाशी आणि वेळापत्रकाशी ताडून पाहण्याची पद्धत, तिथूनच आली. मिनिटमन क्षेपणास्त्राचे काम पाहिलेले हवाई दलाचे सॅम्युअल फिलिप्स गणवेश न उतरवता १९६४ मध्ये नासाच्या अपोलो कार्यक्रमाचे संचालक झाले. १९६९ मध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, स्थापन झाली आणि १९८४ मध्ये प्रकल्प व्यवस्थापकांसाठी तिची पीएमपी ही प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. तोवर ही विद्या पूर्ण नागरी झाली होती. अलीकडच्या ॲजाइल, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम पुढे नेण्याच्या, पद्धतीतही लष्करी धागा आहे: १९९५ मध्ये केन श्वाबर यांच्यासह स्क्रम हा तिचा प्रकार मांडणारे जेफ सदरलँड अमेरिकी हवाई दलात टेहळणी विमानाचे वैमानिक होते.

माजी सैनिकांना या क्षेत्रात पद्धतशीर आणण्याची कहाणी वेगळी आहे आणि ती बरीच उशिरा सुरू झाली. २२ जून १९४४ च्या जीआय बिल या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने अमेरिकेत लाखो सैनिकांना शिक्षणाचे पैसे दिले, पण ते प्रामुख्याने महाविद्यालय आणि कारागिरीसाठी. नोकरी सोडण्याआधीचे संक्रमण प्रशिक्षण १९९० च्या सुमारास आले आणि २०११ च्या कायद्याने जवळपास सर्वांना सक्तीचे झाले. २००८ च्या नव्या जीआय बिलातून परवाना आणि प्रमाणपत्र परीक्षांची फी परत मिळू लागली. सिरॅक्यूज विद्यापीठातली माजी सैनिकांसाठीची संस्था पीएमपीची तयारी विनाशुल्क करून घेते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून करिअर ट्रान्झिशन पार्टनरशिप ही सैनिकांना नागरी नोकरीकडे नेणारी सेवा आहे. तिथे पीएमपीपेक्षा प्रिन्स-टू या ब्रिटिश प्रकल्प पद्धतीचा बोलबाला जास्त.

भारतात प्रकल्पाचे काम लष्करात मुबलक आहे. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस (एमईएस) १९२३ पासून छावण्या बांधते. बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन ७ मे १९६० रोजी सुरू झाली. अफगाणिस्तानातला २१८ किलोमीटरचा झरंज–देलाराम रस्ता आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ही तिची कामे. पुण्यात दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आहे, खडकीला बॉम्बे सॅपर्स हे लष्करी अभियंत्यांचे दल आहे आणि मुंबईत माझगाव डॉकचे अध्यक्षपद नौदलातल्या अधिकाऱ्यांनी अनेकदा सांभाळले आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर बॉम्बे सॅपर्सनी एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवलीचे पादचारी पूल बांधले. ठरवलेली तारीख ३१ जानेवारी २०१८ होती, पूल खुले झाले २७ फेब्रुवारीला. महिनाभर उशीर. तरीही त्याच शहरातल्या नेहमीच्या पुलांच्या मानाने हे डोळे दिपवणारेच होते. मात्र नागरी कंपनीत त्याच महिन्याबद्दल दंडाच्या कलमावर पत्रव्यवहार सुरू झाला असता.

पुनर्वसनाचा सरकारी विचार मात्र बराच काळ दुसऱ्याच दिशेने गेला. केंद्राच्या क गटात १० टक्के आणि ड गटात २० टक्के जागा माजी सैनिकांना राखीव, सुरक्षा एजन्सी, पेट्रोल पंप, कोळशाची वाहतूक. महाराष्ट्रातले मेस्को महामंडळही लोकांना माहीत आहे ते सुरक्षारक्षकांमुळे. ‘माजी सैनिक म्हणजे गेटवरचा माणूस’ ही समजूत अशी घट्ट झाली. अधिकाऱ्यांसाठी पुनर्वसन महासंचालनालयाने आयआयएम अहमदाबाद, लखनौ अशा संस्थांत साधारण सहा महिन्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम सुरू केले. सर्वसाधारण रीत अशी की शुल्काचा ६० टक्के भार महासंचालनालयाचा, ४० टक्के अधिकाऱ्याचा. तिथून बाहेर पडलेले बरेच जण प्रशासन आणि सुरक्षा विभागांत जातात, पण पुरवठा साखळी आणि प्रकल्पांकडेही ओघ आहे. पीएमपीचा मार्ग अनेकांना तिथेच कळतो.

पीएमपीचा अर्ज भरायला बसले की पहिली ठेच लागते. २०२१ च्या स्वरूपानुसार पदवीधराला गेल्या आठ वर्षांतला प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण लागते. पदवी नसेल तर ६० महिने. त्या स्वरूपातली परीक्षा १८० प्रश्नांची, २३० मिनिटांची होती. प्रश्नांत माणसांचा भाग ४२ टक्के, प्रक्रियेचा ५०, व्यवसायाच्या संदर्भाचा ८ होता. आणि जवळपास निम्मे प्रश्न ॲजाइल किंवा मिश्र पद्धतीचे होते. महिने मोजताना एकाच काळातले दोन प्रकल्प दोनदा धरत नाहीत. आठ वर्षांची मर्यादाही विसरता येत नाही. निवृत्तीनंतर चार वर्षे शेती पाहून मग अर्ज करणाऱ्याला सेवेतली शेवटची चारच वर्षे वापरता येतात.

दुसरी ठेच: कंपनीची, म्हणजे लष्करी तुकडीची, कमान सांभाळली, ॲडज्युटंट (पलटणीचा प्रशासन पाहणारा अधिकारी) होतो, असे लिहिणे. हे पद झाले, प्रकल्प नाही. पहारा, वार्षिक प्रशिक्षण, रेशनची रोजची व्यवस्था हे चालू कामकाज, तेही नाही. प्रकल्पाला सुरुवात, शेवट आणि हाती पडणारी एक ठोस वस्तू किंवा स्थिती लागते. पलटणीची हलवाहलव हे चांगले उदाहरण आहे. नव्या ठाण्याची पाहणी, मिलरेलकडे (लष्कराची रेल्वे वाहतूक पाहणाऱ्या शाखेकडे) गाडीची मागणी, सामानाच्या याद्या आणि लोडिंग टेबल, ॲडव्हान्स पार्टी, मुख्य दल, रिअर पार्टी, शेवटी हँडिंग-टेकिंग ओव्हरच्या सह्या. अर्जात त्याचे रूप असे होते: ‘ठरलेल्या मुदतीत इतकी माणसे आणि इतके टन सामान एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवण्याचा प्रकल्प; व्याप्ती ठरवली, कामाची फोड केली, रेल्वेशी समन्वय राखला, तूटफूट आणि उशिराची जोखीम नोंदवली, अंतिम स्वीकृती मिळवली.’ युनिटचे नाव, जागा, शस्त्रांचे प्रकार यांतले काहीही लागत नाही आणि लिहायचेही नाही. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात. मग ९० दिवसांत त्या काळातल्या वरिष्ठाची सही आणून द्यावी लागते. ते वरिष्ठ एव्हाना दुसऱ्या टोकाला बदलून गेलेले किंवा निवृत्त असतात. म्हणून सेवेत असतानाच त्यांचे कायमचे पत्ते आणि ईमेल घेऊन ठेवलेले बरे.

इंजिनिअर्स, ईएमई (वाहने आणि यंत्रांची दुरुस्ती पाहणारे दल), सिग्नल्स, नौदलाच्या गोदीतले लोक यांना हे सोपे जाते. एमईएसमधल्या गॅरिसन इंजिनिअरने प्रशासकीय मंजुरी, निविदा, मोजमाप पुस्तक, कामातल्या बदलाची डेव्हिएशन ऑर्डर, मुदतवाढ हे सगळे हाताळलेले असते. त्याने फक्त शब्द बदलायचे. पायदळातल्या अधिकाऱ्याकडे नियोजन उत्तम असते. उपलब्ध वेळेचा एक तृतीयांश स्वतःला, उरलेला हाताखालच्यांना, ही सवय नागरी व्यवस्थापकांना क्वचितच असते. पण करार त्याने वाचलेला नसतो. ऑर्डर्स दिल्यावर काम होते याची त्याला सवय; इथे पुरवठादार, सल्लागार आणि ग्राहकाचा माणूस यांपैकी कोणीच त्याच्या हाताखाली नसतो.

खर्चाचे तर आणखी वेगळे. युनिटच्या कामात जवानांचे तास कोणी पैशांत मोजत नाही, आणि आलेले अनुदान ३१ मार्चपूर्वी संपवायचे असते. कंपनीत मनुष्यतास हाच मोठा खर्च, आणि बिल कोणत्या टप्प्यावर काढायचे यावर रोखीची गाठ. अर्न्ड व्हॅल्यूचे गणित परीक्षेत जमते, साइटवर मात्र पहिले दोन-तीन महिने मजुरीचा आकडाच रकान्यात नसतो. तिसरी गोष्ट सांगायला अवघड, पण खरी: ‘हो जाएगा, साहब’ ही सवय. उशीर होणार हे चौथ्या आठवड्यात कळूनही सातव्या आठवड्यापर्यंत अहवाल हिरवाच ठेवला जातो, कारण वर वाईट बातमी न्यायची ती उपायासकट, असे अंगवळणी पडलेले असते. नागरी प्रकल्पात ते तीन आठवडे सर्वांत महाग पडतात. बांधकाम क्षेत्रात जायचे असेल तर प्रायमाव्हेरा हे वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर स्वतः चालवता येणे हे दहा प्रशस्तिपत्रांपेक्षा जड भरते.

जवान आणि जेसीओंचा (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांचा) विचार इथे मागे पडलेला आहे. पंधरा-सतरा वर्षे करून पस्तिशीच्या आगेमागे बाहेर पडणारा हवालदार अनेकदा बारावी असतो. १५ वर्षांच्या सेवेवर लष्कराकडून मिळणारे पदवी-समकक्ष प्रमाणपत्र सरकारी क गटाच्या नोकऱ्यांसाठी आहे. पीएमआयच्या अर्जात ते पदवी म्हणून लिहू नये, ६० महिन्यांच्या रकान्यातून जावे. सॅपर किंवा बॉर्डर रोड्सच्या सुभेदाराला तेवढे महिने सहज दाखवता येतात.

१४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेचे गणित निराळे. चार वर्षे म्हणजे ४८ महिने, त्यातले सुरुवातीचे काही महिने प्रशिक्षणाचे, आणि उरलेल्या काळात अग्निवीर एखादे काम स्वतः चालवेल याची शक्यता कमीच. त्याच्यासाठी पीएमपी नव्हे, सीएपीएम ही पीएमआयचीच प्राथमिक पातळीची परीक्षा: बारावीपर्यंतचे शिक्षण आणि २३ तासांचे प्रशिक्षण पुरते, अनुभवाची अट नाही, १५० प्रश्न आणि तीन तास. त्यावर थेट प्रकल्प व्यवस्थापकाची खुर्ची मिळत नाही. साइटवर नियोजन साहाय्यक म्हणून रोजची प्रगती भरणे, साहित्याची आवक नोंदवणे, उपकंत्राटदाराकडून उद्याचे मनुष्यबळ आज संध्याकाळी लिहून घेणे, अशी कामे मिळतात, आणि दोन-तीन वर्षांत पीएमपीसाठी लागणारे महिने तिथेच साठू लागतात.