सहा दिवसांपूर्वीचं वादळ

जून उजाडला की मुंबईच्या बातम्यांत एक ठरलेलं वाक्य येतं: ‘यंदा पावसाळ्यात इतके दिवस साडेचार मीटरपेक्षा उंच लाटा उसळणार.’ सोबत तारखा, मिनिटापर्यंतच्या वेळा. लाटेची वेळ तीन महिने आधी अशी सांगता आली असती तर हवामान खात्याला काही कामच उरलं नसतं. ते आकडे लाटांचे नव्हेत, भरतीचे. अगदी खालच्या ओहोटीजवळ धरलेल्या शून्यापासून पाणी किती चढेल, एवढंच ते सांगतात. भरती चंद्रसूर्याच्या गणितावर चालते, म्हणून वर्षभर आधी छापता येते. लाट मात्र वाऱ्याची लेक, आणि तो वारा तुमच्या किनाऱ्यावरचा असेलच असं नाही.

31 मार्च 2024 ला केरळच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी समुद्र घरांत शिरला. जवळपास कुठेही चक्रीवादळ नव्हतं. तिथले मच्छीमार या प्रकाराला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर-समुद्र. हाच शब्द 2012 मध्ये युनेस्कोनेही स्वीकारला. चोर आला होता दक्षिण हिंदी महासागरातून. आठवडाभर आधी तिथे एक जबर वादळ घोंघावत होतं.

आता माझा आवडता भाग. वादळात लहानमोठ्या सगळ्या लाटांची खिचडी असते. वादळाबाहेर पडल्या की त्या आपोआप निवडल्या जातात, कारण खोल पाण्यात जिची लांबी, म्हणजे दोन शिखरांमधलं अंतर, जास्त तिचा वेग जास्त. लाटेचा कालावधी, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे सेकंद, घ्या आणि त्याला 5.6 ने गुणा: ताशी किलोमीटरमध्ये शिखराचा वेग मिळतो. 20 सेकंदांची लाट ताशी 112 किलोमीटरने धावते. पण थांबा, तिची ऊर्जा मात्र निम्म्याच वेगाने, 56 ने सरकते. लाटा झुंडीने जातात. झुंडीतली सर्वांत पुढची लाट विरत जाते आणि शेपटाकडे नवी उगवते. म्हणजे झुंड पोचते, पण निघालेली लाट पोचत नाही. हे पहिल्या वाचनात डोक्यात शिरलं नाही तर बिघडत नाही, मलाही शिरलं नव्हतं. तळ्यात दगड टाकून पाहिल्यावर पटलं.

समजा वादळ 6,500 किलोमीटरवर आहे. 20 सेकंदांची झुंड सुमारे 116 तासांत येईल, 15 सेकंदांची 154 तासांत. म्हणजे किनाऱ्यासमोरच्या तरंगत्या यंत्रावर कालावधी 20 वरून 15 वर उतरायला दीडेक दिवस लागेल. हा उतार मोजला की उलटं गणित करून वादळ किती दूर होतं आणि कधी झालं, दोन्ही कळतं. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये हेच केलं. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत वेधशाळा मांडून त्यांनी दक्षिणेतल्या वादळांच्या लाटा अख्खा पॅसिफिक ओलांडताना पकडल्या.

आपल्याकडे हे काम हैदराबादचं ‘इन्कॉइस’ हे सरकारी समुद्र-माहिती केंद्र करतं. उत्तरेकडे जमिनीने बंद झालेला हिंदी महासागर म्हणजे जणू दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेलं सूपच. तिकडून निघालेलं बरंचसं इथेच येऊन आपटतं. एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्रावर वारा मंद असतो, म्हणून हे पाहुणे उठून दिसतात. पावसाळ्यात ते स्थानिक लाटांच्या गर्दीत हरवतात. कोकणाला त्यांचा त्रास केरळइतका होत नाही, त्यामागचं एक कारण समुद्राखाली आहे. 18 सेकंदांच्या लाटेची लांबी 500 मीटर, म्हणजे 250 मीटर खोलीवरच तिला तळ जाणवू लागतो. मुंबईसमोर उथळ समुद्रबूड जमीन सुमारे 300 किलोमीटर पसरली आहे. तेवढी वाट तळाशी घासत येताना लाटेचा बराच दम निघतो. केरळासमोर हीच पट्टी बरीच अरुंद आहे.

‘सुपरमूनमुळे सुनामी येणार’ हा फॉरवर्ड अधूनमधून फिरतोच. त्या चंद्राने उधाणाची भरती थोडी वाढते. सुनामी मुख्यतः समुद्रतळाच्या भूकंपाने येते, आणि भूकंप पंचांग पाहत नाही.

समुद्राच्या अंदाजातली आणखी एक गंमत. ‘लाटेची उंची अडीच मीटर’ म्हणजे सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी. हजारभर लाटांत एखादी जवळपास दुप्पट निघते, आणि होडी उलटवायला तेवढी एक पुरते. पण सगळे उंचीच वाचतात. शेजारचा कालावधीचा रकाना कोणी पाहत नाही. खोल पाण्यात सव्वा मीटरची दिसणारी 18 सेकंदांची लाट उथळात येताना चांगलीच फुगते. शिवाय ती झुंडीने येणार: चार-पाच मोठ्या लाटा, मग काही मिनिटं शांतता. पर्यटक नेमका त्या शांततेत पाण्यात उतरतो.

कालावधीची खासियत अशी की किनाऱ्याशी येताना लाटेची उंची, लांबी, वेग सगळं बदलतं, पण तो बदलत नाही. एप्रिलमध्ये, वारा पडलेला असताना, गुहागरच्या पुळणीवर उभे राहा आणि मोबाइलच्या घड्याळावर दहा लाटांचा वेळ मोजून दहाने भागा. सहा-सात सेकंद आले तर ती इथल्याच वाऱ्याची. सतरा-अठरा आले तर चप्पल हातात घेऊन मागे या. ती पाच-सहा दिवस प्रवास करून आली आहे.