पिकअप वर जाते, डिफरन्स जागेवरच

"दाजी, २ इंच लिफ्ट मारली की डिफरन्स घासायचं टेन्शन संपलं," असं मेव्हणा सांगत होता, तेव्हा त्याच्या हातात लिफ्टचं, म्हणजे गाडी उंच करून देण्याचं, दुकानदाराचं कोटेशन होतं. त्याची इसुझू व्ही-क्रॉस रोज सोलापूर ते मंद्रूपजवळचं शेत अशी पळते. विजापूर रोडवर काही तक्रार नाही. शेताच्या वाटेवर मात्र उसाच्या ट्रॉल्यांनी काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पाडल्यात, आणि दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर मागच्या डिफरन्सचा, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा खरवडत जातो. दुखणं खरं आहे, पण ते लिफ्टनं जाणार नाही.

मागचा डिफरन्स ज्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे आडव्या लोखंडी कवचात, बसतो, त्याच्याच दोन टोकांना चाकं असतात. त्यामुळे जमिनीपासून त्याची उंची ठरवतो टायर. लिफ्ट किट बसतं हाऊसिंगच्या वर, पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) यांच्या बाजूला. पलंगाखाली विटा घातल्या तर पलंग वर जातो, विटा जमिनीवरच राहतात. डिफरन्स वर न्यायचा तर टायर मोठा घ्यावा लागतो, आणि तिथंही वाढीचा निम्माच वाटा हाती येतो. २५५/६० आर १८ ऐवजी २६५/६० आर १८ घातला, तर व्यास वाढतो १२ मिलिमीटर आणि डिफरन्स चढतो जेमतेम ६. वर स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६१ ला असते ते वेगळंच.

मग लिफ्टचा उपयोग काय? चॅसीचं पोट, पुढचा बंपर, पायदान हे वर जातं. चारा-खतानं मागून बसणाऱ्या गाडीला ते उपयोगी पडतं. पण उंची वाढली की खाली बरेच कोन बदलतात, आणि त्यातला माझा सगळ्यात लाडका कोन म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधला.

गिअरबॉक्स चॅसीला बांधलेला, डिफरन्स चाकांबरोबर वरखाली होणारा. या दोघांना जोडणाऱ्या शाफ्टला वाकून फिरता यावं म्हणून क्रॉस असतो: चार हातांचा लोखंडी तुकडा, दोन हात एका योकमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या दुबेळक्यात, दोन दुसऱ्यात. शाळेत स्प्रिंगचा नियम ज्याच्या नावानं पाठ केला, तो रॉबर्ट हूक सतराव्या शतकात या सांध्यावरही काम करत होता. म्हणजे पिकअपखाली वाकून पाहिलं तर पाट्यांत हूक आणि शाफ्टमध्येही हूक.

या सांध्याची एक खोड आहे. पान्यांच्या डब्यात सॉकेटला लावायचा छोटा युनिव्हर्सल जॉइंट असेल तर तो तीसेक अंश वाकवा आणि एका चालीनं सावकाश फिरवा. पलीकडचं टोक एका फेरीत दोनदा पुढं पळतं, दोनदा मागं रेंगाळतं. का? गिअरबॉक्सकडच्या योकमधला हात एका क्षणी नेमका त्या पातळीत येतो, ज्या पातळीत दोन्ही शाफ्ट आहेत. त्या हाताचं टोक पहिल्या शाफ्टच्या अक्षापासून पूर्ण लांबीवर असतं. दुसऱ्याच्या अक्षापासून मात्र ते अंतर कोनाच्या कोसाइनच्या पटीत कमी. टोक एकच, त्याचा वेगही एकच. अंतर कमी भरलं, तर तेवढाच वेग राखायला दुसऱ्या शाफ्टला जास्त फेरे घ्यावे लागणार. पाव फेरीनंतर दुसरी जोडी त्या पातळीत येते आणि हिशोब उलटा होतो.

आता आकडे. समजा मागच्या शाफ्टची लांबी १ मीटर आणि मूळ कोन ४ अंश. २ इंचांची, म्हणजे ५ सेंटिमीटरची लिफ्ट केली की कोन सुमारे ७ अंश होतो. वेगातला चढउतार ०.२४ टक्क्यांवरून ०.७५ टक्क्यांवर जातो. कोन पावणेदोन पट, हिसका तिप्पट, कारण छोट्या कोनांना चढउतार कोनाच्या वर्गानं वाढतो. ताशी ८० ला शाफ्ट सेकंदाला ३७च्या आसपास फेरे घेतो; प्रत्येक फेरीत दोन हिसके धरले तर ७०-७५. सीटखाली जी गुरगुर जाणवते ती हीच.

कारखान्यात यावर उतारा केलेला असतो. शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस सारख्याच कोनात आणि योक एका रेषेत ठेवले, की पहिल्याचा चढउतार दुसरा फेडून टाकतो. म्हणून लिफ्टनंतर गिअरबॉक्सचा आणि डिफरन्सचा अक्ष समांतर राहिला का, हे पाहायचं. पाट्याचं मागचं टोक चॅसीला जोडणारी कडी म्हणजे शॅकल; ती लांब लावली की डिफरन्सचं नाक वर फिरतं आणि ही फेड बिघडते. शिवाय २ इंच लांब शॅकल गाडीला १ च इंच उचलते. ओळखीतल्या एकानं ३ इंच उचललेली पिकअप ६० लाच गुरगुरायला लागली. घरी दर शनिवारी बंपरचं लिंबू-मिरची नेमानं बदलतात. क्रॉस कुणी हलवून पाहिलेला नाही.

पुढच्या बाजूला डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वरखाली दोन हातांवर धरलेलं. तिथं शॉकअपच्या डोक्यावर इंचभराची चकती टाकली की चाकाशी साधारण दुप्पट उंची मिळते, म्हणून ती स्वस्त आणि लोकप्रिय. पण चाक लोंबलं की पुढच्या चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्यातला सांधा, सीव्ही जॉइंट, जास्त वाकतो, रबरी बूट फाटतो आणि काळी माती आत शिरते. कॅम्बर-कॅस्टर, म्हणजे चाकाच्या कलाचे कोन, हलतात, म्हणून अलाइनमेंट हवीच. हेडलाइटही खाली घ्या. हैदराबाद रोडवर समोरच्याचे डोळे दिपवू नका.

एका गोष्टीकडे गॅरेजवाल्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. काही पिकअपमध्ये चॅसी आणि हाऊसिंग यांच्यामध्ये एक दांडा असतो. त्यावरून ब्रेकच्या व्हॉल्व्हला कळतं, गाडी भरलेली की रिकामी. लिफ्ट केली की चॅसी वर जाते, व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी, आणि मागच्या ब्रेकला दाब कमी सोडतो. वर एक टन माल असला तरीही. दांड्याचा ब्रॅकेट लिफ्टच्या मापानं सरकवून घ्यावा लागतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल चालत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. कोटेशनवर सही करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावं.

"मायलेजपण वाढतं म्हणे," असंही दुकानदारानं सांगितलं होतं. गाडीचं पोट वर नेऊन खालून जास्त वारा घेतल्यावर डिझेल कसं वाचेल, हे त्यालाच विचारायला हवं.

मेव्हण्याला मी सुचवलं ते असं: पुढं दीड इंचाच्या आत, चकती नको, मापाची स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा शॉकअप. मागं रोजच्या वजनाला साजेसे नवे पाटे, हाऊसिंग आणि पाट्यांमध्ये घालायचे ठोकळे नकोत; ठोकळ्यानं ब्रेक मारताना पाट्यांना जास्त पीळ बसतो. चाकोरीतल्या उंचवट्यासाठी पावसाळा सरल्यावर एकदा ब्लेडचा ट्रॅक्टर फिरवायचा. आणि पाटे हाऊसिंगला आवळणारे यू-बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्यानं पुन्हा आवळायचे, कारण नवे पाटे बसतात आणि नट सैल पडतात.